शेणखत चढावर नेताना

सेंद्रिय चहा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो फवारणीचा. "म्हणजे औषध मारत नाही ना तुम्ही?" औषध न मारणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग. गोदामाला कुलूप लावलं की तो संपतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते बहुतेक सगळं बायकांच्या पाठीवरून चालतं. दार्जिलिंग जिल्ह्यात कर्सियांगच्या खालच्या अंगाला एक जुनी बाग आहे. ती रासायनिकची सेंद्रिय होताना मी आतून पाहिली. खत, नोंदी आणि तपासणी ही तिन्ही कामं माझ्याकडे होती. चहाच्या चवीबद्दल आणि किमतीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण बाग बदलते म्हणजे नेमकं काय घडतं हे मराठीत माझ्या फारसं वाचनात आलं नाही, म्हणून लिहायला घेतलं.

मी मूळची कऱ्हाड तालुक्यातली. राहुरीला कृषी पदवी घेतली आणि त्यानंतर तासगाव भागात द्राक्ष बागायतदारांच्या निर्यातीच्या नोंदी ठेवायचं काम केलं. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाची प्रत्येक पेटी कुठल्या बागेतली, तिथे कधी काय फवारलं, अंश किती सापडले, हे सगळं 'अपेडा' या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट नावाच्या संगणकावरच्या नोंदवहीत चढवावं लागायचं. पुढे सेंद्रिय मालासाठी तशीच ट्रेसनेट नावाची व्यवस्था आली आणि ते काम येणाऱ्या माणसांची चहावाल्यांनाही गरज पडू लागली. २०११ मध्ये मी तिकडे रुजू झाले.

बागेने सेंद्रिय व्हायचं ठरवलं त्याला कारण होतं. दार्जिलिंगचा चांगला चहा पहिल्यापासून बाहेर जातो, जर्मनी आणि जपान हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. १९९० च्या दशकात जर्मनीत दार्जिलिंग चहात कीटकनाशकांचे अंश सापडल्याचा गवगवा झाला आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी मागणीच बदलली. तोवर हा प्रयोग करून बसलेल्या बागा थोड्या होत्या. कर्सियांगजवळच्या मकईबारीने १९८८ मध्येच सेंद्रिय प्रमाणपत्र घेतलं होतं. आंबोटिया बागेत १९६८ च्या पावसात डोंगराचा एक अख्खा कडा खाली गेला होता. माती धरून ठेवली नाही तर बागच उरत नाही, हे त्या भागातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. नंतर २००१ मध्ये भारत सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम लागू झाला आणि प्रमाणपत्र देण्याची पद्धत देशातच उभी राहिली. शेजारच्या सिक्कीममध्ये सरकारी मालकीची तेमी चहाबाग २००८ मध्ये प्रमाणित झाली. मी गेले तेव्हा दार्जिलिंगच्या ८७ बागांपैकी बऱ्याच बागा एक तर सेंद्रिय झाल्या होत्या किंवा होऊ पाहत होत्या.

दुसरं कारण जमिनीचं होतं. आमच्या बागेतली निम्म्याहून अधिक झुडपं चिनी जातीची, एकोणिसाव्या शतकात लावलेली. शंभरीच्या पुढची झुडपं, त्यांच्या मुळाशी वर्षानुवर्षं युरिया आणि वरून तणनाशक. पहिल्यांदा एका उताराच्या भागात खुरप्याने माती उकरली तेव्हा वरची दोन बोटं माती दगडासारखी घट्ट लागली, खाली एकही गांडूळ नाही. चहाला आम्ल जमीन लागते, सामू (पीएच) साडेचार ते साडेपाच हवा. आमच्या काही सेक्शनमध्ये, म्हणजे बागेच्या विभागांत, तो त्याच्याही खाली उतरला होता.

नियम सांगायला सोपा आहे. चहा हे बहुवर्षायू पीक, म्हणून शेवटच्या रसायनापासून ३६ महिने काही वापरायचं नाही, दरवर्षी तपासणी करून घ्यायची, मग चहावर 'सेंद्रिय' लिहिता येतं. त्या तीन वर्षांत खर्च सेंद्रियचा आणि भाव मात्र साध्या चहाचा. उत्पादन तर घटतंच. चौथाई ते तिसरा हिस्सा गेला असं तिथले व्यवस्थापक सर्रास सांगतात आणि आमच्याकडेही तसंच झालं. या तीन वर्षांचा भार कोण उचलणार, हा प्रश्न मला सुरुवातीपासून महत्त्वाचा वाटला. कागदावर तो मालक उचलतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा कसा खाली सरकतो ते खताच्या हिशोबात दिसतं.

चहाच्या कोरड्या पानात साधारण चार टक्के नत्र असतं. दार्जिलिंगच्या उतारावर तेव्हा हेक्टरी ५०० किलोच्या आसपास तयार चहा निघायचा, म्हणजे दर हेक्टरी निदान २० किलो नत्र पानांबरोबर डोंगर उतरून जायचं. पावसात वाहून जातं ते वेगळं. युरियाच्या एका पोत्यात एवढं नत्र सहज येतं. तेच कंपोस्टमधून द्यायचं तर हेक्टरी पाच टन तरी खत हवं. दार्जिलिंगचे उतार असे आहेत की तिथे ट्रॅक्टर काय, बैलही चालत नाही. सगळं जातं ते 'डोको'मध्ये, म्हणजे पाठीवरच्या बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत. तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर घ्यायचा. एका डोकोत पंचवीस किलो ओलं खत धरलं तर पाच टनांच्या दोनशे फेऱ्या झाल्या. हे एका हेक्टरचं. आमच्याकडे दीडशे हेक्टरांहून जास्त चहा होता. म्हणजे वर्षाला तीस हजार फेऱ्या, अर्ध्या चढावरच्या. हा आकडा मी पहिल्या बैठकीत मांडला तेव्हा बडे साहेब बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "पण आधी शेण कुठे आहे?"

शेण मजुरांच्या गोठ्यात होतं. बागेच्या वस्तीत घराघरात एखाददुसरी गाय असतेच, दूध घरी आणि थोडं बाजारात. मी वस्तीवस्तीतून फिरून गायी मोजल्या. पहिल्याच वस्तीत एका वयस्क दिदीने मला अंगणात बसवून चहा दिला आणि सरळ विचारलं, "गाय आमची, चारा आमच्या पोरींनी आणलेला. शेण मात्र बागेचं कसं?" बैठकीत कुणाच्याही मनात न आलेला प्रश्न तिने उभ्या उभ्या विचारला होता. तिच्यामुळे शेण वजनावर विकत घ्यायचं ठरलं. दर शनिवारी काटा वस्तीत यायचा, प्रत्येक घराचं पुस्तक, महिन्याच्या शेवटी पैसे घरच्या बाईच्या हातात. मी गेले त्या वर्षी चहामजुरांची रोजंदारी ६७ रुपयांवरून ९० झाली होती. त्या हिशोबात शेणाचे पैसे थोडेथोडके नव्हते. दुसऱ्या वर्षी वस्तीत कालवडी वाढलेल्या दिसल्या. सेंद्रिय होण्याचा पहिला खरा फायदा मला दिसला तो इथे, कारखान्यात नव्हे.

तरीही शेण पुरत नव्हतं. पहिल्या वर्षी गरजेच्या निम्म्यापर्यंतही आम्ही पोचलो नाही. मग हिरवा माल आला. बांधांवर आणि ढासळलेल्या जागी ग्वाटेमाला गवत लावलं. माणसाच्या उंचीचं होतं, मुळं माती घट्ट धरतात आणि वर्षातून दोनदा कापलं तर आच्छादन आणि कंपोस्ट दोन्हीला पुरतं. ओढ्याकाठी उतीसची झाडं आधीच होती. ती शेंगवर्गातली नसूनही मुळांवरच्या गाठींत नत्र धरतात. सावलीसाठी शिरीष पुन्हा लावले, कारण रासायनिकच्या काळात 'सावलीने पीक कमी होतं' म्हणून पुष्कळ तोडले गेले होते. मोहरीची पेंड सिलिगुडीहून मागवली, पण त्यालाही प्रमाणन संस्थेची आधी परवानगी लागते. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट, मग ती पेंड असो की बांधायची सुतळी, कुठून आली त्याचा कागद हवा.

छाटणीवरून खरा पेच झाला. दार्जिलिंगमध्ये डिसेंबर-जानेवारीत झुडपं झोपलेली असतात तेव्हा छाटणी करतात. चार-पाच वर्षांच्या चक्रात प्रत्येक सेक्शनची खोल छाटणी एकदा येते. छाटलेली पानं आणि फांद्या तिथेच पडू दिल्या तर मातीला मिळणारं ते सगळ्यात मोठं दान. पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे. पण याच फांद्या वस्तीतल्या चुलींचं हिवाळ्याचं सरपण. "फांद्या उचलायच्या नाहीत" असा हुकूम निघाला आणि दोन दिवसांत बागेत कुजबुज सुरू झाली. चार हजार फुटांवर जानेवारीत चूल विझली तर काय होतं हे सांगायला नको. मी त्या वेळी मजुरांच्या बाजूने बोलले आणि आजही तेच म्हणेन. शेवटी मजुरांवर देखरेख करणाऱ्या बैदार दाज्यूंनी तोड सुचवली. बारीक काड्या आणि पानं झटकून सेक्शनमध्ये टाकायची, मनगटाएवढं जाड लाकूड न्यायचं. पोषण पानांत आणि कोवळ्या काड्यांत जास्त असतं, तेव्हा शास्त्राच्या दृष्टीनेही हे बरोबर होतं. पुढे काही घरांत शेणाच्या गॅसची संयंत्रं बसली, तिथली स्लरी खतात आली आणि लाकडाची ओढ कमी झाली.

तणनाशक बंद झाल्यावर गवत चहापेक्षा जोरात वाढलं. पावसाळ्यात तर चार आठवड्यांत झुडूप दिसेनासं होई. कुदळीने खणायचं नाही, कारण त्या उतारावर खणलेली माती पहिल्याच पावसात खाली जाते. विळ्याने चार बोटं ठेवून कापायचं, फक्त खोडाभोवती हातभर जागा हाताने साफ करायची. यात माणसं खूप लागतात. पत्ती तोडायची की गवत कापायचं, हा जुलै-ऑगस्टमधला रोजचा वाद. एक गोष्ट मात्र मी बायकांकडून शिकले. त्या सगळं गवत सरसकट कापत नाहीत. कडेची तीतेपाती राखतात, सिस्नु राखतात, काही वेली मुळासकट उपटतात. कुठल्या गवताखाली माती ओली राहते, कुठलं गवत चहाशी भांडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. मी ती नावं वहीत उतरवत गेले आणि तीच यादी पुढे आमच्या सेंद्रिय व्यवस्थापन आराखड्यात गेली.

किडींचं म्हणाल तर तीन-चार मंडळी कायमची. फेब्रुवारी ते एप्रिल कोरड्या दिवसांत लाल कोळी. रस्त्याकडेच्या, धूळ बसणाऱ्या झुडपांवर तो आधी येतो आणि पानं तांब्याच्या रंगाची होतात. पावसाळी ढगाळ दिवसांत ब्लिस्टर ब्लाइट, कोवळ्या पानावर फोड आणणारी बुरशी. आणि हेलोपेल्टिस. कोकणातल्या काजू बागायतदारांना ढेकण्या माहीत असतो, हा त्याचाच भाऊबंद. कोवळ्या शेंड्यावर काळे डाग पाडतो, सेक्शन जळाल्यासारखा दिसतो.

इथे मला घरचं एक ज्ञान कामी आलं. महाराष्ट्रात दशपर्णी अर्क बहुतेक शेतकऱ्यांना माहीत आहे. कडुनिंब, निर्गुडी, करंज, घाणेरी, सीताफळ, पपई वगैरे दहा प्रकारचा पाला, शेण, गोमूत्र, मिरची, लसूण, महिनाभर कुजवायचं. दार्जिलिंगच्या थंडीत कडुनिंब नाही की करंज नाही. पण वस्तीच्या कडेने असुरो उभा होता, म्हणजे आपला अडुळसा. बकैनो होता, आपला बकाण निंब. तीतेपाती आपल्या दवण्याच्या कुळातली, तितकीच उग्र. सिस्नु हात लावला की आग होते. त्यांच्या आज्या कोंबड्यांच्या खुराड्यात पिसवा होऊ नयेत म्हणून तीतेपाती टाकत आल्या होत्या, तेव्हा मी काही नवीन सांगत होते असं नाही, फक्त दोन घरांचं ज्ञान एका पिंपात आलं. थंडीमुळे कुजायला महिन्याऐवजी जवळजवळ दीड महिना लागायचा. लाल कोळ्यावर आणि तुडतुड्यांवर त्याचा उपयोग झाला. हेलोपेल्टिसवर फारसा नाही. त्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे सहाव्या-सातव्या दिवशी तोडणी, डागाळलेला प्रत्येक शेंडा काढून टाकायचा. म्हणजे पुन्हा हातच. ब्लिस्टर ब्लाइटसाठी तांब्याचं बुरशीनाशक मर्यादित प्रमाणात चालतं, पण आम्ही शक्यतो तोडणीची फेरी लवकर आणून भागवलं.

तुडतुड्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे माझं कीडशास्त्राचं शिक्षण मला पुन्हा तपासावं लागलं. मे-जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी, हे हिरवे तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या फुटीतला रस शोषतात. फूट खुरटते, पान कडेने पिवळं होऊन आत वळतं. दुसरं कुठलंही पीक असतं तर हे नुकसान. दार्जिलिंगमध्ये मात्र याच फुटीपासून दुसऱ्या फ्लशचा, म्हणजे वर्षातल्या दुसऱ्या बहराचा, तो प्रसिद्ध मस्कटेल चहा होतो. किडीने दंश केला की झाड स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि विदरिंगपासून, म्हणजे पान कोमेजवण्यापासून, भट्टीपर्यंतच्या प्रक्रियेत तीच द्राक्षासारख्या वासात उतरतात. तैवानमधला 'ओरिएंटल ब्यूटी' चहाही अशाच किडक्या पानांचा. फवारणी बंद झाल्यावर दुसऱ्या वर्षी तुडतुडे वाढले. पत्तीच्या वजनाचा तक्ता पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले. मग त्या पत्तीचा चहा कारखान्यात टेस्टिंगच्या टेबलावर लागला. आमचे टी-मेकर मुळात कमी बोलणारे. त्यांनी एक घोट घेतला, पुढचे सगळे कप सोडून पुन्हा त्याच कपाकडे आले आणि मला हाक मारली, "मेडम, हा कुठल्या सेक्शनचा?" मी वही काढून सांगितलं. तो सेक्शन सगळ्यात जास्त 'बिघडलेला' होता. तो लॉट त्या वर्षी साधा चहा म्हणूनच विकावा लागला, कारण ३६ महिने पुरे व्हायचे होते, पण भाव चांगला मिळाला. उतरलेले चेहरे त्यानंतर थोडे वर आले.

तपासणीचे दिवस. तपासनीस आला की फक्त बाग बघत नाही. गोदाम बघतो, खरेदीची बिलं बघतो, तोडलेली पत्ती आणि तयार चहा यांचा मेळ लागतो का बघतो. साधारण साडेचार-पाच किलो हिरव्या पत्तीला एक किलो चहा. हिशोब फार हलला तर बाहेरची पत्ती मिसळल्याचा संशय. शेजारच्या रासायनिक बागेच्या हद्दीवर किती रुंद पट्टा सोडला, त्या पट्ट्यातली पत्ती वेगळी नेली का, हेही. मग तो वस्तीत गेला. तिथे एका घराच्या ओट्यावर पायपुसण्यासारखं पसरलेलं होतं युरियाचं रिकामं पोतं. सगळे थबकले. घरमालकीण कावरीबावरी झाली. तिला वाटलं, आता आपल्यामुळे बागेचं प्रमाणपत्र जाणार. तपासनीस समजूतदार होता. त्याने खाली बसून पोत्यावरची छापील तारीख पाहिली, ती बाग बदलायच्या कित्येक वर्षं आधीची होती. पण त्याने रास्त मुद्दा काढला. मजुरांच्या परसात वेलची, आलं, भाजी असते. तिथे ते बाजारातून युरिया आणून टाकत असतील तर उताराच्या पाण्याबरोबर तो बागेत येणार. मालकीण म्हणाली, "आलं नाही पिकलं तर पोराची फी कुठून भरू?" तिचं बरोबर होतं. बंदी घालून चालणार नव्हतं. बागेने परसाच्या आल्यालाही कंपोस्ट द्यायचं कबूल केलं, जेवढं शेण दिलं त्या प्रमाणात. गावोगावची जुनी पोती गोळा करून त्या बदल्यात तागाची दिली. चारा वाहायला बायकांना पोतं लागतंच, ते काढून घ्यायचं आणि हात हलवत परत पाठवायचं, हे कुणालाच पटलं नसतं.

प्रमाणपत्र आलं. त्यानंतर वर्षभरात एक नवीनच संकट आलं, शेतीशी काही संबंध नसलेलं. जर्मनीला पाठवलेल्या नमुन्यात अँथ्राक्विनोन नावाचं रसायन सापडलं. युरोपात चहातली त्याची मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅम, इतकी बारीक. बागेत तर कुठलंच रसायन नव्हतं. मग कारखाना तपासायला घेतला. चहा सुकवायला गरम हवा लागते, ती कोळशाच्या किंवा लाकडाच्या भट्टीतून हीटरच्या नळ्यांवरून येते. आमच्या हीटरच्या जुन्या नळ्यांना बारीक भेगा होत्या. त्यातून धूर गरम हवेत मिसळत होता आणि अँथ्राक्विनोन धुरातून येतं. ज्या पानावर वर्षानुवर्षं कुणी औषधाचा थेंब टाकला नव्हता, ते शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत बाद होत होतं. नळ्या बदलल्या, चिमणीची उंची वाढवली, हवा आत घेण्याची खिडकी धुराच्या दिशेला होती ती दुसऱ्या बाजूला काढली. पुढचे नमुने साफ आले. सेंद्रिय चहा करायचा विचार असणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते. बागेवर जेवढा जीव लावाल तेवढाच कारखान्याच्या हीटरवर लावा.

२०१७ मध्ये वेगळ्या गोरखालँड राज्याच्या मागणीसाठी पहाडात बंद झाला. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरपर्यंत, १०४ दिवस. ऐन दुसरा फ्लश झुडपावरच राहिला. तोवर दरवर्षी ८० लाख किलोंच्या आसपास चहा देणाऱ्या दार्जिलिंगने त्या वर्षी ३२ लाखांच्या आसपास दिला. आम्ही परत सेक्शनमध्ये शिरलो तेव्हा झुडपांच्या माथ्यांचं एरवी राखलेलं सपाट टेबल राहिलंच नव्हतं. फूट छातीपर्यंत गेलेली, वेलींनी झुडपं बांधून टाकलेली, गवत खांद्याएवढं. तेव्हा आजूबाजूला एक विचार जोरात होता की एकदाच तणनाशक मारा, मोकळे व्हा. पैसे संपले होते, मजुरांना तीन महिने काम नव्हतं, पूजेच्या बोनसचा प्रश्न उभा होता. तसा विचार करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण एक फवारणी म्हणजे पुन्हा ३६ महिने. बागेने विळा धरला. बायकांनी हिवाळ्यापर्यंत सेक्शन मागून सेक्शन मोकळा केला, आणि रोजगार बुडालेल्या घरांना ते काम तेव्हा हवंही होतं. कापलेलं सगळं गवत खड्ड्यांत गेलं. त्या हिवाळ्याएवढं कंपोस्ट आधी कधी झालं नव्हतं.

नोंदींचं काय करायचं हा माझा प्रश्न. सेंद्रिय बागेची डायरी रोज लिहावी लागते आणि इथे साडेतीन महिने बागेत पाऊल पडलं नव्हतं. मी पानं रिकामीच ठेवली आणि प्रत्येकावर 'काम बंद' एवढं लिहिलं. तपासणीला आलेल्या बाईंनी ती पानं एकेक करून उलटली. मग दोन दिवस सेक्शन पायी फिरल्या, हद्दीवरच्या झुडपांची पत्ती स्वतः तोडून सीलबंद केली, प्रयोगशाळेत पाठवली. अहवालात काहीही सापडलं नाही आणि प्रमाणपत्र पुढे चालू राहिलं.

बंदनंतर मात्र माणसं कमी झाली. तरुण मुलं-मुली दिल्ली, बंगळुरूकडे गेली, काही आपल्या पुण्यात हॉटेलांतही भेटली. खत वाहायला हात कमी पडू लागले. तेव्हा त्या पहिल्या वस्तीतल्या दिदीनेच सुचवलं की खताचे खड्डे खाली वस्तीजवळ कशाला, वर रस्त्याला लागून करा. शेण पिकअपमधून वरच्या रस्त्यापर्यंत जाईल, तिथे कुजेल आणि तयार खत उतारावरून खाली आणायचं. शेण कुजताना पाणी आणि वजन दोन्ही घटतं, म्हणजे पाठीवर येतं तेही कमी आणि उताराचं. वर्षानुवर्षं खत चढावर नेलं गेलं, कारण खड्डे कुठे असावेत हे वाहणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. आता बहुतेक सेक्शनना खत वरून येतं. ज्या उंचावरच्या तुकड्यांना रस्ताच नाही, तिथे अजून पूर्वीसारखंच डोको भरून चढावं लागतं. त्या फेऱ्यांची मजुरी पत्तीतोडणीच्या रोजापेक्षा वेगळी आणि जास्त धरावी, ही बायकांची मागणी आहे. सेंद्रियचा जो जास्तीचा भाव मिळतो त्यातून ती देता येते, मी आकडेमोड करून दिली आहे. ती लवकर मान्य व्हावी.